पाचवं कलम

माझ्या हातात कोणी चहाचा कप आणून दिला, तर मी आधी कपाकडे बघत नाही, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. ही शाळेची सवय. रत्नागिरीतल्या एका शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि तेवढीच वर्षं परीक्षेच्या दिवसांत बाकांमधून फेऱ्या मारल्या. एरवी मान वर न करणारा मुलगा पेपराच्या दिवशी 'नमस्ते बाई' म्हणून हसला, की त्याच्या मोज्यात चिठ्ठी असायची. एकदाही माझा अंदाज चुकला नाही. त्यामुळे कारणाशिवाय गोड वागणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फार पूर्वीच ठरून गेलेलं आहे.

मागच्या वर्षी शिमगा झाल्यावर मुलगा आणि सून पुण्याचं बिऱ्हाड आवरून माझ्याकडे राहायला आले. मुलगा फोनवर म्हणाला, "दोघांचंही काम आता घरूनच चालतं, आई. तिथे खोलीत बसून करायचं ते तुझ्या पडवीत बसून करू."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

हा 'बघू' मला कधीच आवडलेला नाही. गृहपाठ कधी आणणार, तर बघू. आमचे हे जिवंत होते तेव्हा नळाची तोटी कधी बदलणार विचारलं की तेही बघू म्हणायचे, आणि ती तोटी अजून गळते आहे.

सून घाटावरची, साताऱ्याकडची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सणावारापुरतं येणं आणि एका छपराखाली राहणं यात फरक असतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तिने माझ्या हातात चहा आणून दिला. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. हसत होती. तिसऱ्या दिवशीही आणला, चौथ्या दिवशीही. आठवड्याभरात तिला माझी साखर कळली, आलं नको हे कळलं, आणि पहिला घोट घेईपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही हेही कळलं. हिला माझ्याकडून काय हवंय, हा प्रश्न मग माझ्या डोक्यात घर करून बसला.

घेण्यासारखं माझ्याकडे आहे तरी काय? चिऱ्याचं तीन खोल्यांचं घर, पुढे पडवी, मागे लाकडं ठेवायची खोपी, आणि भोवतीच्या जागेत पाच कलमं. आमच्याकडे चिंचेचं झाड असतं, फणसाचं झाड असतं, पण हापूसला कोणी झाड म्हणत नाही. ते कलम. नवीन ओळख झाली की लोक जितक्या सहज 'मुलं किती' विचारतात तितक्याच सहज 'कलमं किती' विचारतात. आमच्या ह्यांनी या पाचही कलमांच्या बुंध्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडे घातले होते. बँकेत कारकून होते, त्यांना आकडा घातल्याशिवाय वस्तू आपली वाटायची नाही. घरातल्या किल्ल्यांना नंबर, गणपतीच्या मखराच्या खोक्यांना नंबर. मी म्हणायचे, एक दिवस माझ्या पाठीवर घालाल. हे म्हणायचे, तुझ्यासारखी दुसरी असती तर घातला असता.

पहिली चार कलमं विकत आणलेली. पाचवं ह्यांनी स्वतः बांधलेलं. रविवारी माणसं समुद्रावर जातात, पत्ते कुटतात. हे मागच्या दारी बसून कलमं बांधायचे आणि ती झाडून सगळी मरायची. मी खूप हसले आहे त्यावर. एकच जगलं, ते हे. बुंध्यावर जोडाच्या जागी आजही एक फुगवटा आहे, आणि त्याच्या वर आकडा ५, जरा तिरका.

हापूस हा मुळातच संशय घेण्याजोगा प्रकार आहे. बाहेरून केशरी, देखणा, आणि कापला की आत साका, म्हणजे पांढरा, न पिकलेला गर. पाचव्याचा आंबा उलटा. सालीवर डाग, आकार वेडावाकडा, पिकतोही सगळ्यांच्या मागून. पण इतक्या वर्षांत त्यात एकदाही साका निघाला नाही. ह्यांना याचा फार अभिमान होता. ते गेले त्याला आता पाच वर्षं होतील. त्यानंतर मी या घरात एकटी राहिले ती घराच्या आणि या कलमाच्या आधाराने, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या रस्त्यावरची तीन घरं दोन वर्षांत पडली. तिथे आता चार मजले उभे आहेत, आणि कलमं होती तिथे गाड्या लावतात. तिन्ही ठिकाणी सुरुवात एकाच पद्धतीने झाली होती. मुलं अचानक घरी राहायला आली, म्हाताऱ्यांशी गोड वागली, आणि वर्षाच्या आत बाहेर पाटी लागली. म्हणून मला भीती होती ती एवढीच, की घर जाईल आणि त्याच्याआधी पाचवं जाईल.

संध्याकाळी आम्ही पाच-तीन-दोन खेळायचो. ही टूम सुनेचीच. तिघांचा डाव, आम्ही तिघं, तिला तो योग फार आवडला होता. पडवीत चटई, मधे भाजलेल्या शेंगदाण्यांची ताटली, मुलगा पत्ते वाटताना हमखास एक उलटा पाडणार. मी आयुष्यात पत्त्यांत कधी विशेष जिंकले नव्हते, आणि आता लागोपाठ जिंकायला लागले. एकदा मी पाणी आणायच्या निमित्ताने मुद्दाम तिच्या पाठीमागून गेले, तर तिच्या हातात हुकमाचा राजा होता आणि ती सत्ती टाकत होती. परीक्षेत आपण मुलाला 'कॉपी करतोस का' असं विचारत नाही. नुसतं लक्ष ठेवतो.

खरं तर ते दिवस चांगले होते. सून गवारीच्या शेंगा मोडायला माझ्याशेजारी बसायची. मी मोडायचे त्या आखूड, ती मोडायची त्या लांब, भाजी शिजायची ती अर्धी कच्ची, आणि मुलगा मुकाट्याने खायचा. घरात पुन्हा तिघांची ताटं वाढली जात होती. मला रात्री लवकर झोप लागायला लागली. आपल्याला इतकं बरं वाटतंय त्या अर्थी कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला रोज वाटायचं.

जूनच्या सुरुवातीला ते पाणी सापडलं. मी स्वयंपाकघरात आमसुलं बरणीत भरत होते. मधल्या खिडकीपलीकडे पडवीत सून कानाला ते यंत्र लावून तिच्या ऑफिसशी बोलत होती. ती कुठल्याशा कंपनीचे कागदपत्र बघते एवढंच मला माहीत होतं, तिचं बोलणं मी कधी कान देऊन ऐकत नसे. पण त्या दिवशी शब्द स्पष्ट आले.

"नाही नाही, पाचवं कलम काढूनच टाका. जुनं आहे, आता त्याचा काही उपयोग नाही. पुढे उगाच अडचण होते." मग जरा थांबून, "समोरच्यांना आत्ता कशाला सांगायचं? सही घेताना सांगू."

आमसुलाची बरणी माझ्या हातातच राहिली. समोरचे म्हणजे कोण, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. भिंतीच्या या बाजूला मीच समोर होते.

त्यानंतर एकेक पुरावा आपोआप येत गेला. चार दिवसांनी टेप घेऊन एक माणूस आला. इंटरनेटची वायर घरामागून आणायची आहे म्हणाला. मागच्या दारी गेला, पाचव्याकडे बघत उभा राहिला आणि सुनेला म्हणाला, "ही फांदी मधे येते, मॅडम." सुनेने मान डोलावली. त्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "आई, घराचा उतारा कुठे ठेवलाय? बँकेत पत्ता बदलायला लागणार आहे."

"आठवत नाही गो," मी म्हटलं, आणि ती खोलीत गेल्यावर कपाटातून उतारा काढून तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला.

मुलाशी बोलावं असं मनात आलं होतं. पण तो माझाच मुलगा, खोटं बोलला तर मला लगेच कळलं असतं, आणि तेच मला नको होतं. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. कलम तोडायचंच असेल तर मी म्हातारी काय आडवी पडणार? पण त्याचा वाण तरी ठेवीन. त्याच्या काड्या घेऊन नवी कलमं बांधीन, गुपचूप, आणि पाचवं पडलं तर कुठेतरी लावीन. कुठे, याचा विचार केला नव्हता.

कलम बांधायचं कसं ते मात्र मला येत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी उभी राहून मी नुसती हसले होते. कुवारबावच्या पुढे कातळावर एकाची रोपवाटिका आहे. तो माझा विद्यार्थी. नववीत भूमितीच्या पेपराला मी त्याच्या मोज्यातून प्रमेय बाहेर काढलं होतं. आता त्याचेही केस पिकले. रिक्षातून मी उतरले तसा तो हातातली झारी टाकून उभाच राहिला.

"बाई, तुमी? या, बसा वाईच."

"मला कलम बांधायला शिकव."

"तुमाला कशाला तो व्याप? मी देतो की चार कलमा बांधलेली."

"मला माझ्याच कलमाची काडी लावायची आहे. आणि हे घरी कळता कामा नये."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं. "बरा हाय," तो म्हणाला, "आता चिठी बाईंच्या मोज्यात!"

त्याने शिकवलं ते असं. गावठी रायवळ आंब्याचे बाठे, म्हणजे कोयी, मातीच्या पिशव्यांत पेरायचे. कोंब वर येऊन त्याची पानं तांबूस असतानाच तो वितीच्या आत छाटायचा आणि मधोमध चिरायचा. हापूसची पेन्सिलीएवढी काडी घेऊन तिचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती त्या चिरेत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची, आणि वरून मुलं चोखतात त्या बर्फाच्या कांडीची लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची. ऐकायला सोपं आहे. भूमितीही त्याला वर्गात ऐकताना सोपीच वाटत असणार.

बाठे मी खोपीत लाकडांच्या आडोशाला पेरले. कोंब आल्यावर जुलैत पहिली खेप बांधली. सकाळी सून तिच्या कामाला बसली की मी मागच्या दाराने सटकायचे आणि दुपारी ती जेवण आवरत असताना पुन्हा. तिची चाहूल लागली की काड्या तासायचं पातं पदराखाली. एकदा अंगठा कापला, तर विळीवर कापला म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांत सगळ्या काड्या काळ्या पडल्या. मी पुन्हा रिक्षा केली.

"पानं कधी छाटलीत?" त्याने विचारलं.

"काडी तोडली तेव्हाच."

"मग कशी जगतील? काडी झाडावर असतानाच आठ दिस आधी पानं छाटायची, डोळे फुगू द्यायचे, मग काडी घ्यायची. घाई केलीत तुमी." आणि थोडं थांबून म्हणाला, "बाई, शून्य मार्क."

दुसऱ्या खेपेला त्याने सांगितलं तसं केलं. पाचर बसली की एक बारीकसा 'चक्' आवाज येतो, तो ऐकला की पोटात बरं वाटायचं. एका सकाळी प्लास्टिकच्या टोपीआड एका काडीचा डोळा उकललेला दिसला, आत तांबूस पानाची घडी. मी खोपीत लाकडाच्या ओंडक्यावर बसले आणि मला आनंद झाला. स्पष्टच सांगते, हे गेल्यापासून तसा झाला नव्हता. हे रविवार-रविवार इथे का बसायचे ते मला त्या दिवशी समजलं, आणि मी जे हसले होते त्याची फार लाज वाटली.

त्या संध्याकाळी पत्ते खेळताना मी काहीतरी गुणगुणत असणार. सून म्हणाली, "आई आज खुशीत?"

"छे! कुठे काय?" मी म्हटलं आणि तोंड मिटलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्यानेही तिच्याकडे बघितलं. ती नजरानजर मी टिपून ठेवली. दोनच दिवसांनी मुलाच्या फोनवर मला पुण्यातल्या जागांचे फोटो दिसले, दोन खोल्या, तिसरा मजला. म्हणजे ठरलं तर. इथलं विकायचं आणि मला तिथे तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं. कट आता अगदी पुरा झाला होता, त्यात कुठेही फट नव्हती.

श्रावणातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. मी खोपीतून येत होते, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, हातात पातं. पडवीतून सुनेचा आवाज आला, नेहमीपेक्षा चढलेला.

"पाचवं कलम अजून काढलं नाही? मी दोन महिने सांगतेय! आजच्या आज काढा. संध्याकाळी मला ते दिसता कामा नये."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी तशीच पडवीत शिरले आणि तिच्या खुर्चीमागे उभी राहून ओरडले, "माझ्या जिवात जीव आहे तोवर ते कलम कोणी काढणार नाही! बघू कोण काढतो ते!"

तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर सहा चौकोन होते आणि सहा चौकोनांत सहा माणसं. ती सगळी माझ्याकडे, माझ्या हातातल्या पात्याकडे बघत होती. कोणी हललं नाही. मग खालच्या कोपऱ्यातले एक टकले गृहस्थ घसा खाकरून अत्यंत आदराने म्हणाले, "मॅडम, मग पाचवं कलम ठेवायचं का?"

त्या चौकोनांच्या शेजारी एक कागद दिसत होता. मराठीतला करारनामा. कलम ३. कलम ४. कलम ५, आणि त्यावर लाल रेघ.

शिक्षिका होते मी. कायद्यातलं कलम, करारातलं कलम, हे शब्द मला माहीत नव्हते असं कसं म्हणू? शंभर वेळा वाचले असतील. पण रत्नागिरीत जन्म काढलेल्या माणसाला घराच्या पडवीत 'जुनं कलम काढून टाका' असं ऐकू आलं, की त्याच्या डोळ्यापुढे कुऱ्हाडच येते, छापील कागद येत नाही.

मला हसू फुटलं. सून मात्र हसली नाही. "पाच मिनिटांत परत जोडते," असं पडद्याला सांगून तिने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे वळली.

"आई, तुम्हाला काय वाटलं होतं?"

मी सांगितलं. टेपवाला, उतारा, पुण्याची जागा, सगळं. सांगता सांगता ते माझ्याच कानांना कसंसंच लागायला लागलं.

"कधीपासून?"

"जूनपासून."

"म्हणजे दोन महिने रोज सकाळी तुम्ही माझ्या हातचा चहा घेत होता, आणि मी तुमचं घर विकायला आलेय असं तुमच्या मनात होतं." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "आणि मला वाटत होतं, तुम्हाला आमचा कंटाळा आलाय. आम्ही घरात असलो की तुम्ही मागे जाऊन बसता. मी आले की हात लपवता, बोलायच्या थांबता. मागून आलात की खुशीत असता, आणि मी विचारलं की तोंड मिटता. म्हणून आम्ही पुण्यात जागा बघायला लागलो. पुढच्या महिन्यात जायचं जवळजवळ ठरलंय."

तीस वर्षं मी वर्गात एकाच बाजूने बघत आले. समोरून आपल्यावरही कोणी लक्ष ठेवून असेल, आणि आपल्या लपवलेल्या हातांचा काही अर्थ लावत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मला कोणी हाकलत नव्हतं. मीच त्यांना हाकलत होते, आणि तेही घर राखायच्या नादात.

मुलगा संध्याकाळी एवढंच म्हणाला, "आई, तू विचारायचंस ना गं." त्याचं तोंड इतकं पडलेलं मी त्याच्या बारावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं.

दोन दिवस चहा सहालाच आला, पण माझ्या हातात नाही. ती कप टेबलावर ठेवायची आणि जायची. पत्त्यांचा जोड कपाटावरच राहिला. मी संध्याकाळी पडवीत बसून राहायचे, आणि ती दोघं आत हळू आवाजात काय बोलतात ते ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ लावायचे. मला माफी मागता येत नाही. शाळेत कधी वेळ आली नाही. आली असेलही, मी मागितली नसेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तांदळाचा डबा उपसला, उतारा काढला, झटकला आणि तिच्यापुढे धरला. घडीतून चार तांदूळ जमिनीवर पडले.

"बँकेत लागणार होता ना तुला," मी म्हटलं. "आणि जरा मागे चल."

खोपीत मी लाकडांचा आडोसा बाजूला केला. पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या. दुसऱ्या खेपेतली सात जगली होती, बोटभर काडीला तांबूस पानं लोंबत होती. ती उकिडवी बसली आणि एकेक पिशवी बघत गेली.

"हे कशाला?"

"तू पाचवं तोडलंस तर याचा वाण राहावा म्हणून," मी खरं ते सांगितलं.

तिने एका कलमाच्या जोडावर बोट टेकवलं. "कुठे जोडलंय ते दिसतंय की."

"दिसतंच. शेवटपर्यंत दिसतं. पाचव्याला जाऊन बघ, अजून फुगवटा आहे." आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. "चुकलं माझं, बाळ. तू आल्यापासून मला फार बरं वाटत होतं, आणि इतकं बरं वाटायची सवय नव्हती म्हणून मी कारण शोधत बसले."

ती उठली आणि पाचव्याकडे गेली. मी घरात येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तळहाताने बुंध्यावरचा आकडा पुसून बघत होती.

त्या संध्याकाळी कपाटावरून पत्ते खाली आले. चटई अंथरली गेली. पण वाटायच्या आधी सुनेने माझ्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला आणि वर पेन.

"हे काय?"

"करारनामा. माझं कामच आहे ते. वाचून सही करा."

मी चष्मा लावला. वर लिहिलं होतं, लिहून घेणार: सासू. लिहून देणार: मुलगा व सून. त्याखाली:

कलम १. सकाळचा चहा सून करील. तो घेताना सासूबाईंनी चहाकडे बघावे, सुनेच्या तोंडाकडे बघू नये.

कलम २. मागील दारचे आंब्याचे कलम कोणीही, कोणत्याही कारणाने तोडू नये. वायर दुसरीकडून न्यावी.

कलम ३. कोणास कोणाचा संशय आल्यास त्याच दिवशी तोंडी विचारावे.

कलम ४. पत्त्यांत कोणीही मुद्दाम हरू नये.

कलम ६. खोपीत सुनेस मुक्त प्रवेश असावा व तिला पातं धरायला शिकवावे.

मुलगा माझ्या खांद्यावरून वाचून हसत होता. मीही हसले, पण सवय ती सवय. मी कागदावर वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर.

"आकडे चुकलेत," मी म्हटलं. "चारानंतर एकदम सहा. पाचवं कलम कुठाय?"

सून पत्ते पिसत होती. तिने मान वर केली नाही.

"मुदतीचं होतं ते, आई," ती म्हणाली. "किती दिवस राहणार ते त्यात लिहितात. काढून टाकलं."

मी सही केली. खाली तारीख घातली. अक्षर जरा तिरकं आलं, पेन सरकत होतं.

मग तिने पत्ते वाटले. माझ्यावर पाच हात करायची पाळी होती आणि माझ्याकडे धड एक हुकूम नव्हता, तरी मी पाच केले. सुनेच्या हातात हुकमाचा एक्का होता, मला तिच्या बोटांवरून कळलं होतं, आणि माझे पाच होईपर्यंत तिने तो टाकला नाही. कलम तीनप्रमाणे मी तिला त्याच दिवशी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.